पाच मिनिटांत चकाचक

अहो, तुमच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तास झाला. ऊन वर आलं, भटजी सारखे मनगटाकडं बघायला लागले, आणि कावळे लिंबावर बसून खाली बघायचे अन् मान वळवायचे. तुमचा पुतण्या पुढं झाला, म्हणला, "मंजूला आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. कुणी तरी म्हणलं, "काकूला सांभाळू." तेव्हाही हलला नाही, आणि माझ्या नावानं तो हलेल अशी आशा मलाही नव्हती. मग तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक चपला काढून पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, तुमची सायकल आम्ही शाळेत काचेच्या कपाटात जपून ठेवू." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झपकन खाली आला आणि भातात चोच मारली. सगळ्यांचे डोळे भरले. बायका म्हणल्या, बघा बाई, जीव कशात अडकला होता. मी म्हणलं, हाव, मला म्हाईत हाय.

"‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हण." तुम्ही असता तर इथंच थांबवलं असतं. चाळीस वर्षं थांबवत आले. आता कोण थांबवतंय? तुमच्याच पाठकोऱ्या कागदांवर, तुमच्याच लाल पेनानं लिहून राहिले. चार ओळी नीट लिहीन, पाचवी येईल तशी येऊ दे. शाळेतली सभा आटोपून आत्ताच घरी आले. तुमची लेक मंजू आत भांडी आपटून राहिली. पाय दुखतात, पण बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

तुम्ही गेल्यापासून लोक लई लिहून राहिलेत. मंजू मोबाइलवर वाचून दाखवायची. तुमचे जुने विद्यार्थी, कुणी पुण्यात, कुणी दुबईत. "सरांची सायकल बघितली की आम्ही आपोआप शर्ट खोचायचो." "सर म्हणायचे, सायकल पुसायला पाच मिनिटं लागतात, ज्याच्याकडं पाच मिनिटं नाहीत त्याच्याकडं काहीच नाही." एकानं तर लिहिलं, सरांच्या सायकलीनं त्याला जगायला शिकवलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मी ऐकायची, हूं म्हणायची आणि भाजी निवडायची.

पाच मिनिटं! रविवारी आठच्या ठोक्याला तुम्ही सायकल घेऊन फाटकापुढं उभे. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, हातात मऊ फडकं. गल्लीतली पोरं जमायची, दूधवाला पाय टेकून थांबायचा, समोरचे तलाठी "काय सर, चाललं का?" म्हणायचे. हँडलवरून एक हात, मडगार्डवरून एक हात, सीटवर दोन टपल्या, घंटी एकदा वाजवून बघायची. झालं. मग पोरांना घड्याळ दाखवायचं. "बघा रे. घरच्या घरी, पाच मिनिटांत चकाचक. ना पाण्याची नासाडी, ना नोकराची गरज." आणि मी फाटकाच्या आत, हात पदराखाली धरून उभी, नखांतलं काळं कुणाला दिसू नये म्हणून.

कारण सायकल तोवर पुसून झालेली असायची. मागच्या दारी, मोरीपाशी, पहाटे पाचपासून. मी पुसायची. दोन तास.

आधी कोरड्या फडक्यानं धूळ झाडायची. पाणी आधी लावलं की धुळीचा चिखल होतो आणि तो भेगांत जाऊन बसतो, हे मी चुकून चुकून शिकले. मग झाकणात घासलेट घेऊन, दात घासायचा जुना ब्रश बुडवून चैन, पायडल उलटं फिरवत एकेक कडी. मग तारा. पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस. जुन्या लुगड्याची पट्टी एकेका तारेभोवती गुंडाळायची आणि खालीवर ओढायची. बोट जात नाही तिथं सुतळी. रिम राखेनं. शेवटी चैनीला तेलाचा थेंब थेंब, पण रिमला तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक लागत नाही. आणि हे सगळं एका तांब्या पाण्यात, कारण आपल्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी. सायकलीचा तांब्या तुम्ही आदल्या सांजेलाच बाजूला काढून ठेवायचे. माझं डोक्यावरून न्हाणं राहिलं तर राहिलं. "तुझे केस कोण बघायला येतंय?" म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी घरातच बघितला, अन् दोन वेळा त्याला ताटही वाढलं.

सात वाजता तुम्ही चहा पिऊन मागं यायचे. खिशातून पांढरा रुमाल काढायचा, बोटाला गुंडाळायचा आणि चैनीच्या आतल्या अंगानं फिरवायचा. रुमाल काळा निघाला तरी तुम्ही ओरडत नव्हते. तुम्ही कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही, हे मी कुठंही सांगायला तयार हाय. तुम्ही नुसतं जवळ यायचे, माझा पदर धरायचे आणि ते बोट माझ्या पदराला पुसायचे. अगदी शांतपणे, वर्गात फळा पुसावा तसं. "पुन्हा," म्हणायचे आणि आत जायचे. माझ्या एका पातळाचा पदर सांगा बिनडागाचा. लग्नाकार्याला गेले की मी पदर आत दुमडून खोचायची. बायका म्हणायच्या, मास्तरीणबाईंचा थाटच न्यारा.

पण हे सगळं मी गिळलं असतं बरं का. बायका याहून मोठं गिळतात. गिळलं नाही ते एकच, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

माझी माय गेली तो सोमवार. शाळेत तपासणी होती, मोठे साहेब येणार होते, म्हणून रविवारी पुसलेली सायकल सोमवारी पहाटे परत पुसायची होती. मी चैनीवर होते. तुम्ही मागच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणले, "तुझ्या मायचं जास्त झालंय म्हणे. आत्ताच माणूस सांगून गेला. चैन तेवढी पुरी कर आणि जा."

मी चैन पुरी केली. कामून केली म्हणता? सवय म्हणा. तुमचा रुमाल म्हणा. घासलेटाच्या हातानं पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि स्टँडवर पळाले, तर सातची मुखेड गाडी माझ्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर पडली. मी हात हलवला, ओरडले. मागच्या काचेतून एका बाईनं माझ्याकडं बघितलं, एवढंच. पुढची गाडी दहाची. मुखेडला उतरून गावापर्यंत दोन कोस चालत. पोचले तेव्हा माणसं नदीवर अंगोळी करून ओल्या धोतरानं परत येऊन राहिली होती. माय पहाटेच गेली होती. दहापर्यंत माझ्यासाठी थांबले, ऊन चढलं, मग उचलली. माझा भाऊ मला बघून म्हणला, "रातभर दाराकडं डोळे लावून होती. तुला आत्ता सवड झाली का?" आणि तोंड फिरवून गेला. त्यानंतर तो माझ्याशी जन्मात नीट बोलला नाही. दिवाळीला बोलावणं नाही, मंजूच्या लग्नात आला तर अक्षता टाकून जेवायच्या आधी निघून गेला. मला वाटायचं, उशिराचा एवढा राग? तोही गेला तीन वर्षांमागं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, चैन पुसत बसले नसते तर गाडी सापडली असती, मायचं तोंड दिसलं असतं. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्ही पाटीवर मांडून दाखवायचे. आवरायला इतकी मिनिटं, स्टँड इतक्या मिनिटांवर, बाईमाणसाचा चालायचा वेग इतका. "गाडी तशीही चुकलीच असती. भावनेनं गणित बदलत नाही." मी दर वर्षी त्या दिवशी विचारायची आणि तुम्ही दर वर्षी तेच गणित करायचे. मला तुमच्याकडून काही सोनंनाणं नको होतं. एकदा म्हणा, "माझ्यामुळं चुकली." मी त्याच्यावर बाकी सगळं सोडून दिलं असतं. गंमत नाही करत, खरंच दिलं असतं. मला फक्त हे एक ठाऊक करून घ्यायचं होतं की मायचं तोंड मला दिसलं असतं का नसतं.

चांगलं काहीच नव्हतं असं म्हणले तर जीभ झडेल. मंजू तीन वर्षांची असताना तापानं फणफणली होती आणि एसटीचा संप होता. तुम्ही मला मागं कॅरिअरवर बसवलं, पोरगी माझ्या मांडीवर, आणि भर उन्हात नांदेडच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेत तुमच्या चपलेचा अंगठा तुटला. तुम्ही थांबले नाही. तापलेल्या लोखंडी पायडलवर उघडा पाय, चढ आला की उभं राहून मारायचे. सोनखेडला ट्रक मिळेपर्यंत तुमच्या तळव्याची साल निघाली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, पोरगी आता बरी होईल, तेव्हा तुम्ही भिंतीकडं तोंड करून रडले. मी बघितलं. मी तुमच्या तळव्याला लोणी लावलं आणि मनात म्हणलं, देवा, साती जन्म हाच दे. त्या दिवसाचं मी अजून मानते. आज इतकं लिहून राहिले तरी मानते. मग घरी आलो, आणि तुम्ही म्हणले, "पायडलला रक्त वाळलंय. राखेनं निघेल, बघ."

अकरा महिन्यांमागं तुम्ही न्हाणीत पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणलं, ओसरीवर खाट टाकली. पहिल्या रविवारी मी सवयीनं पाचला उठले. झाकण घेतलं, ब्रश घेतला, मागच्या दारी गेले. सायकल भिंतीला टेकून होती. मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं. झाकण खाली ठेवलं, आत येऊन परत झोपले. आठ वाजेपर्यंत झोपले, अहो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. काय गोड झोप असती ती, हे साठीनंतर कळलं.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. सायकल मागून पुढं आणली आणि ओसरीच्या कडेला उभी केली, जिथं पागोळ्या पडतात तिथं. आणि तुमची खाट फिरवली. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं की पेशंटचं तोंड उजेडाकडं असू द्या. मी सायकलीकडं केलं. दिवसभर तुमच्या डोळ्यांपुढं तीच. आधी घंटीवर ठिपके आले, मग रिम, मग पावसाळ्यात चैन लाल झाली. दसऱ्याला सगळ्या गल्लीत गाड्या धुऊन राहिले. मी आपल्या सायकलीला झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं. पुसली नाही. लोक म्हणायचे, बिचारीला नवऱ्याचं करण्यातून फुरसत कुठं.

आणि तुमचं मी केलं. हगणं, मुतणं, कूस बदलणं, पेज भरवणं. दवाखान्यातून बघायला आलेली पोरगी म्हणली, मावशी, वर्ष होत आलं आणि पाठीला एक जखम नाही, कसं ठेवलंत? ठेवलं. मला स्वच्छ ठेवायला शिकवलंच होतं की तुम्ही.

रोज पेज भरवताना मी विचारायची. "सांगा, गाडी कुणामुळं चुकली? तुमच्यामुळं असंल तर डावा हात हलवा. बस्स, एवढंच." तुम्ही डावा हात उचलायचे. माझा जीव वर यायचा. आणि तुम्ही बोट सायकलीकडं करायचे. रोज. बोट थरथरायचं, तोंडातून लाळ गळायची, डोळ्यांतून पाणी, आणि बोट सायकलीकडं. मला संताप यायचा असा! म्हणायची, "मेले तरी पुसणार न्हाई. बघत बसा." वाटी खाली आपटायची आणि तुमचे डोळे पदरानं कोरडे करायची. सायकल तेवढी कोरडी केली नाही.

आज सकाळचं सांगते. दुपारी बाराला शाळेचा टेम्पो येणार होता. मंजू लातूरहून तुमच्या दिवसांसाठी आलेली, अजून इथंच हाय. मी सायकलीवर जुनी चादर टाकून ठेवली होती. तिनं सकाळी ती ओढली आणि किंचाळली.

"आई! हिची ही काय दशा गं?"

"पावसात भिजली."

"बाबांनी बघितली असेल ना?"

"हाव. रोज बघायचे."

ती बघत राहिली माझ्याकडं. मग म्हणली, "तुला तरी कुठं वेळ होता," आणि ओठ चावून रडली. मी तिला रडू दिलं. मग नाक पुसून मोबाइल काढला. एक पोरगी त्यात हसून हसून सांगून राहिली होती, घरच्या घरी सायकल साफ करा, झटपट आणि सोप्या पद्धतीनं. लिंबू कापा, खायचा सोडा लावा, पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचा बोळा करा आणि घासा, गंज गायब. तिच्या पुढ्यातली सायकल कालच दुकानातून आणलेली. मंजूनं पदर खोचला आणि बसली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले, तुम्ही बसायचे तिथं, आणि बघत राहिले. मदत केली नाही. गंज निघायचा तसा निघत होता, पण तासात पुढचं चाक आणि अर्धं हँडल. तिची नखं काळी झाली, बोटाला तार लागून रक्त आलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. थोडं बरं वाटलं, खरं सांगते.

मी म्हणलं, "कामून गं, तुझे बाबा तर पाच मिनिटांत करायचे. तू काय तासभर घोळ घालून राहिली?"

तिनं मान वर केली नाही. तार घासत घासत म्हणली, "आई, मला ठाऊक आहे तू पुसायचीस."

कप माझ्या हातात तसाच राहिला. "कव्हापासून?"

"लहानपणापासून. मोरीतला दिवा दिसायचा मला अंथरुणातून. ब्रशाचा आवाज यायचा."

"मग बोलली न्हाईस ते?"

"बाबा मला आठ वाजता बाहेर नेऊन सीटवर बसवायचे, हातात फडकं द्यायचे. सगळी गल्ली बघायची. मला ते आवडायचं, आई." पुढची तार धरली. मग म्हणली, "आणखी एक आहे."

"बोल."

"आजी गेली तेव्हा निरोप सकाळी नव्हता आला. आदल्या सांजेला आला होता. मीच दार उघडलं. मामाच्या गावचा माणूस होता, डोक्याला पटका. तू हापशावर पाणी आणायला गेली होतीस. तो म्हणाला, म्हातारी लेकीचं नाव घेऊन राहिली, सांजच्या गाडीनं धाडून द्या. बाबा म्हणाले, सकाळी पाठवतो. त्याला उभ्या उभ्याच परत लावलं. आणि मला म्हणाले, आईला सांगू नको. उद्या तपासणी आहे, सायकल पुसायची राहील."

तिचा हात थांबला होता. लिंबाची फोड खाली पडली. ती माझ्याकडं बघून राहिली होती, मी तिला जवळ घेईन म्हणून. मी म्हणलं, "तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. आता चाळीशीची हायस." आणि मी उठून आत गेले. माय असून मी हे बोलले. तुमच्याजवळ राहून राहून एवढं तर येणारच.

आत जाऊन पाण्याच्या माठापाशी उभी राहिले. सांजची गाडी, अहो! म्हणजे सातची गाडी चुकली का सापडली, ही भानगडच नव्हती. एवढी वर्षं तुम्ही मला चैनीच्या वीस मिनिटांत फिरवत ठेवलं, पाटीवर मांडून मांडून, आणि माझ्याकडं अख्खी रात होती. मी तिच्या उशाला बसले असते. तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. ती माझं नाव घेऊन राहिली होती आणि मी इथं तुमच्या तपासणीच्या डब्याला दशम्या करून ठेवत होते, उद्या पहाटेसाठी घासलेट काढून ठेवत होते. आणि माझा भाऊ! त्याला वाटलं, निरोप सांजेला मिळूनही बहीण आली नाही. "रातभर दाराकडं डोळे लावून होती," हे तो त्यामुळं म्हणला होता. मला दगड समजून मेला तो. मी त्याच्या दारात जाऊन एकदा विचारलं असतं तर? पण मीही ताठ्यात राहिले, एवढ्या उशिराचा एवढा राग म्हणून. तुम्ही दोन घरं तोडली, तीही आवाज न चढवता.

मंजू मागनं आली, दारात उभी राहून म्हणली, "आई, बाबा बोट करायचे ना सायकलीकडं? कदाचित त्यांना हेच सांगायचं असेल." असेलही. माझ्याही मनात आलं. अकरा महिने तुम्ही कबूल करून राहिले असाल आणि मी वाटी आपटून राहिले असेन. तसं असेल तर देवानं दोघांचीही बरी जिरवली. पण नाही, मी तेवढी भली नाही. मेल्या माणसाला उगं फुकटचा चांगुलपणा कामून देऊ? तुम्ही "पूस" असंच म्हणत असाल. मी तुम्हाला चांगलं ओळखते.

बाराला टेम्पो आला. मंजू म्हणली, "अजून एक तास द्या, मागचं चाक राहिलंय." मी म्हणलं, "राहू दे. अशीच जाऊ दे." पुढनं चकाचक, मागनं तांबडी. मुख्याध्यापकांनी तोंड वाकडं केलं, मग म्हणले, "काही हरकत नाही काकू, रंग मारून घेऊ." शाळेच्या मैदानात मांडव घातलेला. स्टेजवर सायकल अशी उभी केली की गंजलेला भाग पडद्याकडं, घासलेला लोकांकडं. शेजारी तुमचा फोटो. तीनशे माणसं असतील. मला पुढं खुर्चीत बसवलं, मंजू शेजारी. भाषणं झाली. सगळी पाच मिनिटांवर.

मग मुख्याध्यापक माइकवर म्हणले, "काकू, सर सायकल कशी पुसायचे, पोरांना जरा सांगा." मंजूनं माझा पदर धरला. मी सोडवला आणि उभी राहिले.

मी म्हणलं, "सायकल मी पुसायची. लग्न झाल्यापासून. पहाटे दोन तास."

आधी कुजबूज झाली, मग टाळ्या! मुख्याध्यापक माझ्या हातातल्या माइकपाशी तोंड आणून म्हणले, "बघा मुलांनो! सरांनी श्रमप्रतिष्ठा आपल्या घरातही रुजवली होती!" आणखी टाळ्या. मागची पोरं शिट्ट्या मारून राहिली. मेल्यावरही तुमचंच खरं.

पण मी माइक सोडला नाही. मी म्हणलं, "माझी माय मरून राहिली होती आणि माझं नाव घेत होती. सांजेला निरोप आला. यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सायकल पुसायची राहील म्हणून."

मांडवात कुठं तरी एक पंखा खडखड करत होता. मंजू मान खाली घालून बसली होती, तिच्या नखांत अजून काळं होतं. मुख्याध्यापकांनी माझ्या हातातून माइक हळूच काढून घेतला. "काकू फार दुःखात आहेत," म्हणले. "आपण सगळे उभं राहून सरांना दोन मिनिटं श्रद्धांजली वाहू."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, मास्तर, पोरं, तलाठी, तुमचे विद्यार्थी, त्यांच्या बायका. मीही उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले. तुमचं नाव घेतलं नाही. मायचं घेतलं. सोजर नाव तिचं, तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही कधी घेतलं नाही. तीनशे माणसं माना खाली घालून गप उभी होती आणि दोन्ही मिनिटं मी तिच्या नावानं धरली. तिच्या सरणापाशी एवढी माणसं नव्हती. मीही नव्हते.